गावची वर्गणी शाळेत नेमकी कुठं घालावी? (पैशानं पोरांचं पुढचं शिक्षण खरंच बदलतं का?)

भोगावती | ३ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या गावापुरता आहे, पण उत्तर मोठं निघेल असं वाटतंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

गाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहरापासून फार लांब नाही. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. एकेकाळी पट दोनशेच्या वर होता, आता ९५ वर आलाय. बाकीची पोरं सकाळी पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेला जातात. यंदा यात्रा कमिटीनं शिल्लक आणि लोकवर्गणी मिळून साडेतीन लाख रुपये शाळेला द्यायचं ठरवलंय. पुण्या-मुंबईला असलेल्या मंडळींनीही त्यात हात सैल सोडलाय. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळं ते कुठं घालायचे याची डोकेदुखी आमच्याकडं.

गावात तीन तट पडलेत. एकांना प्रवेशद्वाराला कमान हवी, वर देणगीदारांची नावं, आत पेव्हिंग ब्लॉक. दुसऱ्यांना प्रत्येक वर्गात स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरे. आणि आम्ही तिघी-चौघी आया म्हणतोय, की गावातलीच एक मुलगी डीएड करून घरी बसलीय, तिला मानधनावर घ्या आणि तिसरी-चौथीतली जी पोरं अजून अडखळत वाचतात त्यांना तिच्याकडं द्या.

सरपंच म्हणतात, "ताई, कमान निदान दिसते तरी. तुमच्या त्या मुलीनं काय फरक पडला हे आम्ही गावाला दाखवायचं कसं?"

प्रश्न चुकीचा नाही. म्हणून विचारते: शाळेवरच्या खर्चाचा पोरांच्या पुढच्या शिक्षणावर, नोकरीधंद्यावर काय परिणाम होतो हे कुणी नीट मोजलंय का? बैठक शाळा सुरू व्हायच्या आत आहे.

तिरकस | ३ जून, रात्री १०:०४

देणगीदार जास्त असतील तर कमान रुंद करावी लागेल. रुंद केली की साडेतीन लाख तिथंच संपतील. प्रश्न मिटला. (हलकेच घ्या.)

फाउंड्रीवाला | ३ जून, रात्री १०:३१

ताई, राग मानू नका. पैशानं शाळा सुधारते यावर माझा विश्वास नाही. आमची शाळा गळकी होती, पावसाळ्यात दोन वर्ग एकाच खोलीत. एक गुरुजी, चार इयत्ता. तरी त्या बॅचमधली आम्ही चार पोरं आज शिरोलीत स्वतःचे कारखाने चालवतोय, एक जण तर बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे.

आणि शहरात बघा की. जरगनगरची शाळा महापालिकेचीच आहे ना? तिथं पाडव्याला प्रवेशासाठी पालकांची रांग लागते. महापालिकेच्या बाकीच्या शाळांनाही तोच कायदा, तेच अनुदान. मग तिथं पट का घसरतो? गुरुजी चांगला पाहिजे आणि घरातनं रेटा पाहिजे. बाकी सगळा रंग.

मुलगीपरकी_नाही | ३ जून, रात्री १०:४०

वाचतेय. आमच्याही शाळेत हाच वाद.

हिशेबनीस | ४ जून, सकाळी ७:१५

फाउंड्रीवाले दादा, तुमच्या मताला मोठा वंश आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सहा लाखांहून जास्त विद्यार्थी तपासले आणि निष्कर्ष काढला की मुलाचं यश शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीवर जास्त ठरतं. त्यानंतर तिथले एरिक हानुशेक हे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं मांडत आले, की खर्च वाढला म्हणून निकाल वाढतोच असं दिसत नाही. पैसे आणि निकाल यांचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यांचा आधार बराच काळ हाच होता.

पण या मोजमापात एक मेख आहे. पुष्कळ ठिकाणी जादा पैसे मुद्दाम मागं पडलेल्या शाळांना दिले जातात. मग नुसते आकडे शेजारी ठेवले की दिसतं काय? जिथं पैसा जास्त तिथं निकाल कमी. उलट श्रीमंत वस्तीतल्या शाळेकडं पैसाही असतो आणि शिकलेले आईबापही. मग श्रेय कुणाचं, पैशाचं की आईबापाचं?

ती गाठ कोर्टानं सुटली. अमेरिकेत शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता कराचा, म्हणजे गरीब वस्तीची शाळा गरीबच. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हे चालणार नाही असं सांगितलं आणि पुढं एकेका राज्याला खर्चाची वाटणी बदलावी लागली. यातली वाढ आईबापाच्या ऐपतीनं झालेली नव्हती, हुकमानं झाली होती. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघांनी १९५५ ते १९८५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा माग ती मोठी होईपर्यंत काढला. २०१६ साली छापलेला निष्कर्ष असा: शाळेची बाराही वर्षं दर विद्यार्थी खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला, तर शिक्षणाची सरासरी ०.३१ वर्षं वाढली, मोठेपणीची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि गरिबीत असण्याचं प्रमाण ३.२ टक्के बिंदूंनी घटलं. गरीब घरच्या मुलांत हा परिणाम कितीतरी जास्त.

यातला 'बाराही वर्षं' हा भाग सोडू नका. एकदाच दिलेल्या देणगीची ही गोष्ट नाही. आणि तो पैसा गेला कुठं तर शिक्षकामागची मुलं कमी करण्यात, शिक्षकांच्या पगारात आणि शाळेचे दिवस वाढवण्यात.

राहता राहिला तुमचा वर्ग. चार कारखानदार झाले, छान. बाकीच्या पोरांचं पुढं काय झालं?

फाउंड्रीवाला | ४ जून, सकाळी ९:०२

बरीच सातवीतनं गळाली. दोघं माझ्याकडंच कामाला आहेत. आलं ध्यानात तुमचं.

पण अमेरिकेतलं अमेरिकेला. तिथं एका पोरामागं होणाऱ्या खर्चात आपली अख्खी वाडी शिकेल.

हिशेबनीस | ४ जून, दुपारी १:२०

मग इंडोनेशिया घ्या, तिथली गरिबी आपल्या ओळखीची आहे. १९७३-७४ पासून पाचेक वर्षांत तिथल्या सरकारनं तेलाच्या पैशातनं ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. एस्तेर डुफ्लो यांनी २००१ साली त्या पिढीचा हिशेब मांडला. दर हजार मुलांमागं एक शाळा वाढली की सरासरी शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलेलं दिसलं, आणि मोठेपणी मजुरी दीड ते पावणेतीन टक्क्यांनी. जिथं शाळाच नव्हती तिथं भिंती आणि छप्पर यांनी काम केलं.

आता त्याच देशातली पुढची गोष्ट. काही दशकांनी तिथं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट झाला. सोडत काढून निवडलेल्या काही शाळांत तो आधी लागू केला आणि बाकीच्या शाळांशी तुलना केली. शिक्षक खूष झाले, जोडधंदे कमी झाले, कर्जाची ओढाताण कमी झाली. मुलांच्या शिकण्यात दोन-तीन वर्षांनंतरही फरक आढळला नाही.

म्हणजे देश एकच, दोन्हीकडं पैसा दाबून ओतलेला, आणि निकाल दोन. भोगावतीताई, तुमच्या सरपंचांना या दोन गोष्टी एकामागोमाग सांगा.

डोंगरातले_गुरुजी | ४ जून, रात्री ८:४५

हिशेबनीस, माहितीबद्दल आभार. पण "शिक्षकाचा पगार वाढवून उपयोग नाही" हे वाक्य आता दर बैठकीत आमच्या तोंडावर मारलं जाणार, म्हणून आधीच सांगतो. तिथं आधीपासून नोकरीत असलेल्यांचा पगार वाढला. पगार चांगला असेल तर पुढं कोण या धंद्यात येतं, हे दोन-तीन वर्षांत कळत नाही. आपल्याकडं २००० साली शिक्षणसेवक (पहिली काही वर्षं मानधनावर काम करणारे शिक्षक) आणले, मानधन ३,००० रुपये. मग ६,०००. ते १६,००० व्हायला २०२३ उजाडावं लागलं. इतकी वर्षं गवंड्याच्या हाताखालच्या माणसापेक्षा कमी पैशात पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलंय आमच्या लोकांनी.

आता शाळेला पैसा कसा येतो ते सांगतो, कारण गावाला वाटतं सरकार पोत्यानं देतंय. पगार थेट खात्यावर. त्यापलीकडं शाळा चालवायला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतनं संयुक्त शाळा अनुदान. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. ताईंच्या शाळेचा पट ९५, म्हणजे २५ हजार. पोरामागं महिन्याला २२ रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, फिनेल-झाडू, वीजबिल, नळाची तोटी, बंद पडलेला संगणक, सगळं.

आणि ते येतात कधी? जूनला हवे असतात. आमच्याकडं दोन-तीनदा मार्चच्या तोंडावर आलेत. आठवड्यात खर्च करा, पावत्या चढवा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या. मग माणूस काय घेणार? जे एका दिवसात मिळतं ते. म्हणून शाळाशाळांत न वापरलेली कपाटं आणि पृथ्वीचे गोल दिसतात. जूनमधले पाच हजार मला मार्चमधल्या पंचवीस हजारांपेक्षा जास्त उपयोगी आहेत, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

फाउंड्रीवाले दादा, जरगनगरचं म्हणाल तर रांग लागली की पट टिकतो, पट टिकला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) शिक्षक टिकतात, शिक्षक टिकले की रांग लागते. आमच्यासारख्या घसरत्या पटाच्या शाळेत हेच चाक उलटं फिरतं. पट घटला, पद गेलं, एका गुरुजीकडं तीन वर्ग आले, आणि ते बघून आणखी दोन पालकांनी पोरं काढली. "गुरुजी चांगला पाहिजे" म्हणताय ते बरोबर, पण तो शाळेत असायला तरी पाहिजे.

कागलकर | ४ जून, रात्री ९:१०

गुरुजींना +१. त्यात बीएलओची (मतदार यादीची) कामं आणि सर्वेक्षणं वेगळीच.

भोगावती | ४ जून, रात्री १०:२०

२२ रुपयांचा हिशेब उद्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवते. कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

एक भर. दोन वर्षांपूर्वी एका मंडळानं सगळ्या पोरांना वह्या-दप्तरं वाटली. फोटो झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये आया वह्या घ्यायच्या थांबल्या, म्हणाल्या "मंडळ देतंय की". मंडळानं जुलैत दिल्या. तोवर पोरं मागच्या वर्षीच्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर.

हिशेबनीस | ५ जून, सकाळी ७:३०

ताई, तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं. आंध्र प्रदेशात अगदी यावर अभ्यास झालाय. ग्रामीण शाळांना सोडतीनं छोटं अनुदान दिलं, दोन वर्षं. शाळांनी त्यातनं बहुतेक वह्या, सराव पुस्तकं आणि लेखनसाहित्य घेतलं. पहिल्या वर्षी अनुदान अचानक आलं होतं, मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांना आधीच कळलेलं होतं. त्यांनी घरचा खर्च जवळपास तेवढाच कमी केला. गुण जिथल्या तिथं.

यात आईबाप स्वार्थी आहेत असं काही नाही. वाचलेले पैसे त्यांनी तेलमिठाला, औषधाला वापरले असतील, घर चालवणारं माणूस तेच करणार. पण शिक्षणासाठी म्हणून दिलेला पैसा मग शिक्षणात राहत नाही. माझ्या मते तुमच्या वर्गणीची पहिली चाळणी हीच लावा: आईबाप जे आपसूक घेतात ते देऊ नका. एकटं कुटुंब जे विकत घेऊ शकत नाही त्यावर घाला.

निशिगंध | ५ जून, सकाळी ११:००

पण मग ज्यांना वहीसुद्धा परवडत नाही त्यांचं काय? ऊसतोड टोळ्यांची पोरं आमच्या शाळेत नोव्हेंबरपासून येऊन बसतात. बीडकडनं आलेली, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, इथं. त्यांच्या आईबापाचा खर्च आधीच शून्य, तो आणखी कमी काय होणार?

हिशेबनीस | ५ जून, सकाळी ११:२५

बरोबर बोललात. चाळणी सरसकट वाटपाला. त्या पोरांना वही द्या, आणि मुकाट्यानं द्या, फोटो न काढता.

स्पष्टवक्ती | ५ जून, दुपारी ४:४०

सगळे वर्गणी कुठं घालायची यावर बोलताय. वर्गणी का, हे कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागं एक शिक्षक हे लिहिलंय. ते सरकारचं काम आहे. गावानं पैसे घालून शिक्षक नेमला की वरचे म्हणणार, चाललंय की तुमचं.

दुसरं, भोगावती-पंचगंगेच्या काठची ऊसवाली गावं साडेतीन लाख सहज जमवतील. चंदगड-शाहूवाडीच्या वाडीनं कुठनं जमवायचे? अमेरिकेत वस्तीच्या करावर शाळा चालत होत्या म्हणून कोर्टात जावं लागलं, हे वर हिशेबनीसांनीच लिहिलंय. आपण लोकसहभागाच्या नावाखाली तीच पद्धत हौसेनं उभी करतोय. ज्या गावाची ऐपत, त्या गावची शाळा चकाचक.

भोगावती | ५ जून, रात्री ९:३५

स्पष्टवक्ती, पटतंय आणि तरी माझ्यापुढं तिसरी-चौथीतली अडखळत वाचणारी ती अकरा पोरं आहेत. सरकारनं पद भरेपर्यंत ती सातवी पास होऊन जातील. एवढं करीन: ठरावात स्पष्ट लिहू, की ही नेमणूक मंजूर पदाऐवजी नाही. आणि रिक्त पदाचा पाठपुरावा वेगळ्या पत्रानं चालू ठेवू. वाडीचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही.

वाडीवस्ती | ६ जून, सकाळी ८:१०

वाडीचं मी सांगतो, कारण शाहूवाडी-गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवर माझं जाणंयेणं आहे.

तुमची चर्चा शाळेच्या आतल्या पैशावर चाललीय. आमच्याकडं गळती शाळेच्या बाहेर होते. वाडीवरची शाळा चौथी-पाचवीपर्यंत. पुढं डोंगर उतरून जायचं. पोरगा जातो, पोरगी सातवीला थांबते. पावसाळ्यात ओढे भरले की तोही थांबतो. आत टीव्ही लावा नाहीतर सोन्याचा फळा लावा, नववीत पोरगी पोचलीच नाही तर कसला परिणाम मोजणार?

बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा अभ्यास झाला, मुलींची माध्यमिकला नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींतलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं असं निघालं. फायदा झाला तो मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत. आपल्या घाटात सायकल ढकलावीच लागते, हा भाग वेगळा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, चांगली योजना आहे. पण पास असून गाडी शाळा भरल्यावर पोचत असेल तर त्या पासाचं करायचं काय? एका वाडीनं चौघींसाठी मिळून वडापचं (खाजगी जीपचं) भाडं गोळा केलं. महिन्याला जाणारी रक्कम तुमच्या कमानीपुढं किरकोळ आहे. त्यातल्या दोघी आता गारगोटीला डिप्लोमाला आहेत.

आणि एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा विसरू नका. आठवीत द्यायची, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना ती देताच येत नाही. मुख्य म्हणजे हा पैसा पोराच्या खात्यावर आणि चार वर्षं सलग. "दहावीनंतर कामाला लाव" म्हणणाऱ्या बापाला तो थोपवतो, हे मी डोळ्यांनी बघतोय.

आजरेकर | ६ जून, दुपारी १२:५०

वाडीवस्तींचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. कोल्हापुरात बसून ही चर्चा करताना शाहू महाराजांचं नाव अजून निघालं नाही याचं नवल वाटलं.

१९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा सगळ्यांना माहीत असतो, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड हेही माहीत असतं. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ पासून, त्यांनी पैसा आणि जागा कशाला दिली ते बघा. बोर्डिंगांना. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांसाठीही. शहरात शाळा-कॉलेज होतं, राजाराम कॉलेज तर १८८० पासून. खेड्यातलं पोर तिथं पोचत नव्हतं ते राहायची आणि जेवायची सोय नाही म्हणून. जिथं अडत होतं नेमकं तिथं पैसा घातला. त्या बोर्डिंगांपैकी जैन बोर्डिंगात राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहाची कल्पना साताऱ्याकडं नेली. दीर्घकालीन परिणाम म्हणजे आणखी काय असतो!

दुसरं नाव आमच्या तालुक्याचं, आजऱ्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होताच, पुढं ते १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगणारा आयोग तोच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिलाय, कारण मधल्या काळात तो गाठलाच गेला नाही. स्पष्टवक्तींचा राग त्यामुळं जुना आणि रास्त आहे.

तिरकस | ६ जून, दुपारी १:१५

महिना एक रुपया दंड १९१७ चा. आजच्या भावानं लावला तर आमच्या गल्लीत निम्मे पालक हप्त्यावर भरतील.

फाउंड्रीवाला | ६ जून, रात्री ८:३०

बरं, हरलो नाही पण वाकलो. एक शंका शिल्लक आहे. ती मुलगी नेमली, अकरा पोरं वाचायला लागली. पुढं पाचवी-सहावीत परत मागं पडली तर? पैसे गेलेच की.

हिशेबनीस | ६ जून, रात्री १०:१०

शंका अगदी मोक्याची. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेचा बालसखी प्रयोग झाला तो या सहस्रकाच्या सुरुवातीला. तिसरी-चौथीतली मागं पडलेली मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच तरुणी त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायच्या. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. मुलांचे गुण चांगले वाढले, सर्वांत मागं असलेल्यांचे जास्त. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं पाहिलं तर फायद्याचा बराच भाग ओसरला होता. तेव्हा तुमची भीती खरी आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात लहान मुलांना सोडतीनं छोट्या आणि मोठ्या वर्गांत बसवलं, १३ ते १७ मुलांचा वर्ग विरुद्ध २२ ते २५ चा. छोट्या वर्गाचा फायदाही पुढच्या इयत्तांत परीक्षेच्या गुणांत कमी कमी होत गेला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याच मुलांचा मोठेपणीचा तपशील काढला. छोट्या वर्गातली मुलं कॉलेजात जास्त गेली होती. आणि ज्यांचा बालवर्ग एकूण चांगला होता त्यांची कमाई जास्त होती, मधल्या परीक्षांत फरक पुसट झाला असूनही. मधल्या वर्षांत चिकाटी, वर्गात लक्ष देणं असल्या गोष्टींत तो टिकून होता असं ते म्हणतात.

सातवीच्या गुणपत्रिकेवर निकाल लावायची घाई करू नका एवढंच मी यातनं घेतो. आणि ओसरू द्यायचं नसेल तर एका वर्षात थांबू नका. उसाला लागणीला एकदा डोस टाकून तोडणीपर्यंत कुणी वाट बघत बसत नाही.

तेव्हा ताई, तीन वर्षं. कमीत कमी.

डोंगरातले_गुरुजी | ७ जून, सकाळी ६:४०

एक कामाचं सांगतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोराजवळ बसा, त्याला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या आणि नावापुढं लिहा: अक्षर, शब्द, वाक्य की उतारा. तेच दिवाळीला, तेच एप्रिलला. सरपंचांना दाखवायला एवढं पुरतं, टीव्ही लागत नाही.

पण दुसरी वही जास्त महत्त्वाची, ती कुठल्याच शाळेत नसते. सातवी सोडून गेलेलं पोर आठवीत कुठं गेलं, नववीत आहे का, दहावीला बसलं का. शाळा सोडल्याचा दाखला दिला की आमच्या लेखी ते पोर संपतं. ही वही शाळेत ठेवू नका, बदली झाली की कपाटात जाईल. समितीकडं ठेवा. हल्ली पोर्टलवर नोंदी असतात, पण कामाला लागलेल्या पोराचं खरं कारण पोर्टल सांगत नाही, त्याची आई सांगते.

मुलगीपरकी_नाही | ७ जून, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. दुसऱ्या वहीची कल्पना आमच्या समितीत मांडते.

भोगावती | ११ जून, रात्री ११:०५

बैठक झाली. लांबली, दोनदा आवाज चढले, एकदा चहा आला.

टीव्ही गेला. गुरुजींचा २२ रुपयांचा हिशेब वाचल्यावर कुणीतरी विचारलं, टीव्हीचं वीजबिल कशातनं भरायचं, आणि तो गट गप्प झाला. त्यांची दोन पोरं रागावून उठून गेली, त्यांना परत बोलवायला मलाच जावं लागणार.

कमान गेली नाही. ज्यांनी सगळ्यात मोठी देणगी दिली त्यांच्या वडिलांचं नाव त्यावर यायचं आहे, तिथं माझं काही चाललं नाही. ७० हजारांत बसवायची असं ठरलं. पेव्हिंग ब्लॉक मात्र वगळले. मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतनं करणार, तसा ठराव लगेच करून घेतला.

त्या मुलीला महिना आठ हजार, वर्षाला दहा महिने, तीन वर्षं. दोन लाख चाळीस हजार बँकेत वेगळ्या खात्यावर, सह्या तिघींच्या. उरलेले चाळीस हजार आठवीला बाहेरगावी जाणाऱ्या मुलींच्या गाडीभाड्याला आणि एनएमएमएसच्या पुस्तकांना. यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सातवीनंतरच्या पोरी आपल्या शाळेच्या कुठं राहिल्या?" सरपंचच म्हणाले, "गावच्या राहिल्या की."

स्पष्टवक्ती, रिक्त पदाचं पत्र गेलं. पोच घेतलीय.

स्पष्टवक्ती | १२ जून, सकाळी ८:००

पोच जपून ठेवा. तीन महिन्यांनी उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून देते.

फाउंड्रीवाला | १२ जून, सकाळी ९:२०

अभिनंदन ताई. पण धंद्याच्या माणसाचा प्रश्न विचारतो. आठ हजारात डीएड झालेली पोरगी तीन वर्षं टिकंल? माझ्याकडं पॅकिंगला बारा मिळतात.

भोगावती | १२ जून, दुपारी २:१५

टिकेल असं मी धरलेलं नाही. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झालीय तिची, भरती निघाली की जाईल आणि जायलाच पाहिजे. ती गेली तर उरलेल्या पैशात दुसरी बघायची असं ठरावात लिहिलंय. बारा द्यायचे झाले तर वर्षाला चाळीस हजार आणखी लागतात, तीन वर्षांचे एक लाख वीस. पुण्याच्या मंडळींना उद्या फोन करतेय. तुमच्या चौघा कारखानदारांपैकी कुणाचं गाव आमच्या बाजूला असेल तर त्यांचाही नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.